पेन्सिलबाईंचे शेरे

सोमवार, ६ जानेवारी

काल बायकोनं फोनवर स्पष्टच सांगितलं, की तुमची कुरकुर मला रोज ऐकवू नका, वहीत लिहीत जा. ती पुलांची तपासणी करते. सध्या नेमणूक लांबच्या गावी, महिन्यातून एकदा घरी. दिवसभर पुलाखाली उभं राहून खांबांना गेलेले तडे शोधायचे आणि संध्याकाळी नवऱ्याचं रडगाणं ऐकायचं, हे जरा जास्तच होतं, मान्य. तर ही वही.

मी गेली चोवीस वर्षं बाईच्या नावानं प्रेमकथा लिहितो. एक्केचाळीस झाल्या. त्याआधी छापखान्यात मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचो. मग म्हटलं, आता स्वतःच्या करू. 'ताई, तुम्हाला मुलींचं मन इतकं कसं हो कळतं,' अशी पत्रं येतात आणि ती मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो. ती पुलांचे अहवाल चाळत राहते.

आता प्रकाशनात नवीन संपादकबाई आल्या आहेत. वय तिशीचं. आज त्यांनी बोलावून सांगितलं, की तरुण मुली हल्ली नुसतं प्रेम वाचत नाहीत, नायिकेच्या मनाला काय झालंय तेही त्यांना हवं असतं. बेचाळिसावी कादंबरी नैराश्य आलेल्या मुलीची करा. मी म्हटलं, करू की. आजवर सत्तावीस नायिका बेशुद्ध पाडल्या, ही एक उदास करू. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा मजकूर या विषयातल्या जाणकार वाचकाकडून तपासून घेणार, आणि त्याचं नाव तुम्हाला सांगणार नाही, म्हणजे तो मोकळेपणानं शेरे मारील. नाकाला मिरच्या झोंबल्या. पण एप्रिलच्या सुरुवातीला पुस्तक द्यायचं कबूल करून आलो.

गुरुवार, ९ जानेवारी

दोन प्रकरणं झाली. नायिका एकोणीस वर्षांची. तिचे आईवडील पहिल्याच पानावर मोटार अपघातात मारले. हा माझा जुना नियम आहे. प्रेमकथेत आईबाप जिवंत ठेवले की सारखे मध्ये येतात, 'जेवलीस का' विचारतात आणि प्रसंगाचा विचका करतात. मुलगी एका मोठ्या घरात एकटी राहते, खिडकीशी बसून रडते. तिसऱ्या प्रकरणात नायक येईल. सायकलवरून आणायचा की गिटार घेऊन, ते ठरायचं आहे.

मी कागदावर हातानं लिहितो. टाइप करायचं काम खारूचं. खारू म्हणजे आमची मुलगी, वय वीस. लहानपणी बिस्किटं गादीखाली, उशीच्या अभ्र्यात, माझ्या चपलेत लपवून ठेवायची म्हणून हे नाव पडलं. एक सत्र सुट्टी घेऊन नोव्हेंबरपासून घरी आली आहे. अभ्यासाचा ताण फार झाला म्हणाली. मी म्हटलं, ये, घर तुझंच आहे, आणि मला टंकलेखकही हवाच आहे. तिनं छापलेली पानं मी पाकिटात घालून तिच्याकडेच देतो आणि ती ऑफिसला पाठवते. मला नुसतं लिहायचं काम. एकूण झकास चाललं आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

पाकीट परत आलं. सकाळी माझ्या टेबलावर होतं. खारूला विचारलं, "आलं का?" ती "हं" म्हणाली.

समासात शेरेच शेरे. तेही पेन्सिलनं, बारीक, सरळ अक्षरात. मी लिहिलं होतं, 'ती दिवसभर रडत होती.' त्याच्या कडेला: 'रडत नाही. रडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.' मी लिहिलं होतं, 'तिचे मोकळे, लांबसडक केस वाऱ्यावर उडत होते.' कडेला: 'केस धुणं हे काम असतं. तिला ते चार दिवस जमलेलं नाही.' आणि दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी: 'हिच्या घरी कुणीच कसं नाही? संध्याकाळी घरात दुसरं कोण असतं?'

म्हणजे वाचकाला मेलेले आईबाप परत हवेत. हे सगळं खारूला नक्कल करून मोठ्यानं वाचून दाखवलं. ती दाराला टेकून ऐकत होती. "कोण असेल ही बाई?" मी म्हटलं. "बाई कशावरून?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बाईच, आणि साठीच्या पुढची. दोन ठिकाणी हिनं स्वतःच खोडलेला शब्द पुन्हा ठेवलाय, तर खाली टिंबांची रांग आणि समासात 'राहू द्या'. ही छापखान्यातली जुनी खूण. खोडलेलं खोडू नका, तसंच ठेवा, असा अर्थ. आजकाल ती कुणाला येते? शिवाय पेन्सिल. आमचे गुरुजी म्हणायचे की शाई हुकूम सोडते, पेन्सिल विचारते. नक्की एखाद्या निवृत्त डॉक्टरीणबाई असणार, वडिलांचा छापखाना असलेल्या.

"असेल," खारू म्हणाली आणि झोपायला गेली. सकाळचे अकरा वाजले होते. तरुण वयात झोप लागते, हे एक बरं.

शुक्रवार, १७ जानेवारी

पेन्सिलबाईंना शाईनं उत्तर लिहिलं. प्रत्येक शेऱ्याखाली. 'बाई, केस न धुतलेल्या नायिकेच्या प्रेमात कोण पडेल?' वगैरे. पाकीट खारूकडे दिलं.

फ्रिजवर वाणसामानाची यादी टांगलेली असते. दोरीला बांधलेली पेन्सिल तिथून गायब आहे. खारूला विचारलं तर म्हणाली, असेल कुठेतरी. या घरात वस्तू जागेवर म्हणून राहत नाही.

बुधवार, २२ जानेवारी

बाईंचं उत्तर आलं. माझ्या शाईखाली पेन्सिल: 'जो पडेल, तोच खरा.'

मी पाच मिनिटं त्या चार शब्दांकडे बघत बसलो. चोवीस वर्षांत मला असं वाक्य सुचलेलं नाही. राग आला आणि मग ते वाक्य मी नायकाच्या तोंडी घालून टाकलं.

तिसऱ्या प्रकरणात नायक येतो, पडदे सरकवतो, खिडकी उघडतो आणि म्हणतो, बघ, जग किती सुंदर आहे. शेरा: 'पडदा बंद ठेवायला तिला फार कष्ट पडलेत. हा विचारत का नाही?' चौथ्यात ती मैत्रिणीशी फोनवर खळखळून हसते, म्हणजे आता ती सुधारते आहे हे वाचकाला कळावं म्हणून. शेरा: 'हसणं सोपं असतं. दहा मिनिटं जमतं. फोन ठेवल्यावर ती जमिनीवर बसते, कारण पलंग लांब वाटतो.'

या बाईंना कुठून सुचतं हे? पलंग लांब वाटतो. मी तसंच घेतलं.

संध्याकाळी बायकोचा फोन. आधी खारूशी बोलली. दोघी कसल्याशा गोष्टीवर खूप हसल्या. मग माझ्याकडे फोन आल्यावर विचारलं, "ती ठीक आहे ना हो?" मी म्हटलं, ऐकलंस ना, मस्त आहे. आणि तिला पेन्सिलबाईंचं सांगत बसलो. माझं झाल्यावर खारूला हाक मारली, पण तिच्या खोलीचं दार लागलं होतं.

बुधवार, २९ जानेवारी

गेल्या आठ दिवसांत माझी आणि पेन्सिलबाईंची चांगलीच जुंपली आहे. खरं सांगायचं तर मी पाकिटाची वाट बघतो. सकाळी उठल्यावर आधी टेबलाकडे जातो.

भांडण सातव्या प्रकरणावरून. त्यात नायक तिला समुद्रावर नेतो, पहिलं चुंबन होतं आणि ती पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढून लाटांत भिरकावते. 'आता मला यांची गरज नाही.' लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईंनी पूर्ण पानावर एक हलकी तिरपी रेघ मारली आहे आणि लिहिलंय: 'हे कृपा करून छापू नका. कुणीतरी वाचेल आणि खरंच फेकेल. आणि जिनं अजून घ्यायला सुरुवातच केलेली नाही, ती डॉक्टरकडे जाणारच नाही. ती वाट बघत बसेल, समुद्रावर न्यायला कुणी येतं का.'

मी शाईनं लिहिलं, 'प्रेमानं माणूस बरा होत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? मग मी चोवीस वर्षं काय केलं?'

उत्तर: 'प्रेमानं माणूस डॉक्टरकडे जातो. एकटीला जाता येत नाही.'

हात टेकले. समुद्र काढला. गोळ्याही काढल्या.

खारू मात्र हल्ली जेवणात लक्ष देत नाही. ताटात अर्धं तसंच. केसांचा तोच अंबाडा, बरेच दिवस, फॅशन असेल. टाइप मात्र एकही चूक न करता करते. मी म्हटलं, जरा बाहेर जाऊन ये, चार पावलं चालून ये, चेहरा उजळेल. "हो बाबा," म्हणाली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आठवं प्रकरण परत आलं आणि माझं चित्त थाऱ्यावर नाही.

मी एक भडक प्रसंग लिहिला होता. नायिका घराच्या गच्चीवर, नायक धावत येतो, वगैरे. संपादकबाईंना अशी जागा हवीच असणार असं वाटलं. त्या प्रसंगाच्या कडेला बाईंनी काही खोडलेलं नाही. नेहमीपेक्षाही बारीक अक्षरात लिहिलंय:

'तिला मरायचं नाहीये. तिला फक्त उद्या उठायचं नाहीये. या दोन्हींत अंतर आहे. पण ते रोज थोडं कमी होतंय आणि हे सांगायला तिच्याकडे कुणी नाही.'

कुणी नाही. ही म्हातारी बाई कुठल्यातरी घरात एकटी बसून माझी टुकार कादंबरी तपासते आणि समासात असं लिहिते. हे नायिकेबद्दल नाही. इतकी वर्षं दुसऱ्याचं लिहिलेलं वाचत आलोय. माणूस कुठे बनवून लिहितो आणि कुठे नाही, तेवढं मला कळतं. दुपारभर नुसता फेऱ्या मारत होतो. उद्या ऑफिस उघडलं की संपादकबाईंना फोन करणार. नाव सांगू नका म्हणावं, पण त्या बाईंकडे कुणीतरी जाऊन या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज झालं ते क्रमानं लिहितो.

दहा वाजता फोन केला. संपादकबाईंना म्हटलं, तुमच्या त्या वाचक बाई मला बऱ्या वाटत नाहीत, त्यांची चौकशी करा, आजच करा. त्या म्हणाल्या, कोण वाचक बाई? मी म्हटलं, पेन्सिलनं शेरे लिहिणाऱ्या.

"सर, मी अजून कुणाकडेच पाठवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पूर्ण झाल्यावर पाठवणार होते. आणि छापलेली पानं आमच्याकडे कधीच आली नाहीत. तुमची मुलगी फाईल पाठवते ना."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. मग फ्रिजपाशी गेलो. यादी तिथंच होती. साबण, दूध, दिव्याची वात, अंडी. बारीक, सरळ अक्षर. रोज दहा वेळा मी त्या यादीसमोरून जातो.

आणि मग आठवलं. खारू दहा वर्षांची असतानाची उन्हाळ्याची सुट्टी. तिला कंटाळा आला होता म्हणून मी तिला तपासणीच्या खुणा शिकवल्या होत्या. शब्द कसा खोडायचा, जागा कशी सोडायची, खोडलेलं परत ठेवायचं तर खाली टिंबं कशी द्यायची. आणि पेन्सिलच का, तेही सांगितलं होतं. पूर्ण सुट्टीभर ती घरातल्या प्रत्येक कागदावर टिंबं देत होती. छापखान्यातले ते वडील म्हणजे मी स्वतःच.

तिच्या खोलीचं दार हळूच उघडलं. झोपली होती. श्वास चालू आहे का ते बघितलं, तिच्या लहानपणी बघायचो तसं. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, तो सांडला, पुन्हा केला. काय बोलायचं ते कळेना. एक्केचाळीस पुस्तकांतले सगळे संवाद आठवून बघितले, एकही उपयोगाचा नव्हता. शेवटी आठव्या प्रकरणाचं पान घेतलं, पेन्सिल शोधली, ती माझ्याच टेबलाखाली पडली होती, आणि तिच्या शेऱ्याखाली लिहिलं: 'खारू, हे तुझं आहे का?' पान आणि चहा तिच्या उशाशी ठेवून बाहेर खुर्चीत बसलो.

ती साडेबाराला बाहेर आली. पान हातात होतं. समोरच्या खुर्चीत बसली.

"हो," म्हणाली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की, बाबा. पानाच्या कडेला." मग तिनं पान मांडीवर सरळ केलं. "पहिल्यांदा मी नुसतं दुरुस्त करत होते. तुम्हाला वाटलं कुणी बाई आहेत, तर मीही तसंच राहू दिलं. तुम्ही पेन्सिलबाईंना उत्तर देत होतात. मला 'जरा बाहेर जाऊन ये' म्हणत होतात."

मी तिला सरळ विचारलं, की आज, आत्ता, जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतंय का. विचारल्यावर तिच्या खांद्यांतला ताण थोडा उतरलेला दिसला.

"आज नाही," ती म्हणाली. "वाटलं तर सांगेन."

"समासात नाही. तोंडानं. मी झोपलेलो असलो तरी उठवून."

"बरं."

मी म्हटलं, मी काय करू ते तूच सांग, मला यातलं काहीच येत नाही. ती म्हणाली, "डॉक्टरांचा नंबर दोन महिन्यांपासून माझ्याकडे आहे. फोन लावता येत नाही मला. तुम्ही लावा. आणि सोबत या."

लावला. उद्या सकाळी साडेदहाची वेळ मिळाली. मग बायकोला फोन केला. ती एवढंच म्हणाली, की सकाळच्या आत पोचते.

आज खारू माझ्याजवळ बसून राहिली. तिचा हात माझ्या हातात होता आणि तिनं तो काढून घेतला नाही. मला खूप रडायला आलं, म्हणून मी रडलो. ती म्हणाली, "तुम्हाला येतंय, बरंय."

बुधवार, ५ फेब्रुवारी

बायको पहाटेच्या बसनं आली. बूट न काढता थेट खारूच्या खोलीत गेली आणि तिच्या शेजारी आडवी झाली. नंतर मला म्हणाली, "मी रोज फोनवर तिचं हसणं तपासत होते हो. पास करत होते." तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात काचेच्या पेटीत दोन नारिंगी मासे, हातात नंबराचा कागद. मला वाटलं होतं, तिथं काहीतरी वेगळीच माणसं असतील. एक कंडक्टर होता गणवेशात, एक आजोबा शब्दकोडं सोडवत होते, आणि समोर सतरा-अठरा वर्षांची मुलगी पुस्तक वाचत बसली होती. पुस्तक माझं. तेहतिसावं. त्यात नायिकेची खिन्नता एका दिवसात जाते, नायक तिला पावसात नाचवतो म्हणून. मुलगी त्याच पानांच्या आसपास होती. उठून तिच्या हातातून ते काढून घ्यावं असं मला मनापासून वाटलं. मी माशांकडे बघत बसलो.

खारू आत गेली. आधी एकटी, मग तिची आईही. मी तिची पिशवी मांडीवर धरून बसलो. पाऊण तासात मी बाकी काही केलं नाही. नायकानं काय करायचं असतं, ते मला त्या पाऊण तासात कळलं.

शेवटी मलाही आत बोलावलं. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, हा आजार आहे, आळस नाही आणि कुणाची चूकही नाही. यावर उपचार आहेत. दर आठवड्याला बोलायला यायचं, औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतील, आणि बरं वाटायला लागलं तरी स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. मी म्हटलं, समुद्रात फेकायचं नाही. खारू हसली. हे हसणं फोनवरच्या हसण्यापेक्षा बरंच लहान होतं. मला ते फार आवडलं.

परत येताना तिला भूक लागली. कोपऱ्यावरच्या टपरीत तिनं लोणी लावलेले दोन टोस्ट खाल्ले. आम्ही दोघं नवराबायको तिच्याकडे इतकं टक लावून बघत होतो की ती म्हणाली, "अहो, तुम्हीही काहीतरी मागवा ना." छातीवरचा दगड उतरला. सगळा नाही, पण श्वास घेता येईल इतका.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बायकोनं तीन महिन्यांची रजा घेतली आहे. पूल थांबतील म्हणाली.

संपादकबाईंना पुस्तक होणार नाही असं सांगायला निघालो होतो. खारूनं अडवलं. म्हणाली, लिहा, पण नीट लिहा. मी तिला विचारलं, तुझे शेरे वापरू का. तिनं सगळी पानं घेऊन बसून ठरवलं: केसांचा वापरा, पलंगाचा वापरा, हसण्याचा वापरा. आठव्या प्रकरणातला नको, तो माझा आहे. ते पान तिनं घडी करून स्वतःच्या कपाटात ठेवलं.

आज पहिल्या पानावरचा अपघात रद्द केला. नायिकेचे आईबाप जिवंत झाले. बाप घड्याळं दुरुस्त करतो. त्याला सेकंदाचा फरक ऐकू येतो आणि शेजारच्या खोलीत काय चाललंय ते कळत नाही. लिहायला जड गेलं, पण ते थांबेना.

गुरुवार, ६ मार्च

वाईट आठवडा. औषधानं तोंड कोरडं पडतं, दोन दिवस ती उठलीच नाही, आणि मला वाटलं सगळं पहिल्यासारखं झालं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं, सरळ रेघ नसते. मात्रा थोडी बदलली.

मी तिच्या खोलीत जमिनीवर बसून लिहितो हल्ली. पडदा बंद. काल विचारलं, उघडू का. "नको," म्हणाली. बरं म्हटलं. आज तिनंच बोटभर उघडला. संध्याकाळपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

शनिवार, २९ मार्च

पुस्तक पुरं करून दिलं. शेवटच्या प्रकरणात नायक नायिकेची पिशवी मांडीवर घेऊन दवाखान्यात बसलेला आहे. चुंबन जिन्यात आहे, डॉक्टरांकडून परत येताना, आणि त्यानं काहीही बरं होत नाही. दोघांना छान वाटतं, एवढंच. खारूनं ते प्रकरण टाइप करताना मागे वळून विचारलं, "एवढं साधं चालेल तुमच्या वाचकांना?" मी म्हटलं, न चालून सांगतात कुणाला. तिनं आज केस धुतले होते. त्याबद्दल मी काही बोललो नाही. बायको बोलली, तिला बोलू देतात.

मंगळवार, १५ एप्रिल

खऱ्या जाणकार वाचकांचे शेरे आले. संपादकबाईंनी पाठवलेलं जाडजूड पाकीट, या वेळी खरंच ऑफिसातून. लाल शाईत. एकंदरीत बरं म्हटलंय, नायिका पटते म्हटलंय. एका जागी मात्र मोठं प्रश्नचिन्ह. बापाच्या तीन पानांवर: 'इतके महिने एकाच घरात राहून याला काहीच कळत नाही, हे अतिशयोक्त वाटते. असा बाप असतो का? कमी करावे.'

मी बराच वेळ ते वाचत होतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही असं वाटलं. शिवाय त्या तीन पानांकडे बघायची मला अजूनही लाज वाटते, ती गेली तर सुटलोच. पेन्सिल घेतली आणि तिन्ही पानं खोडली. मग अंघोळीला गेलो.

परत आलो तेव्हा खारू टेबलापाशी नव्हती. स्वयंपाकघरात आईशी वाद घालत होती, की यादीत साबण दोनदा लिहिलाय, आणि पेन्सिल दोरीला परत बांधत होती. टेबलावर पानं होती. मी खोडलेल्या प्रत्येक ओळीखाली, तिन्ही पानांवर, एकही ओळ न सोडता टिंबांची रांग दिलेली होती. लाल प्रश्नाखाली पेन्सिलनं लिहिलं होतं:

'असतो. राहू द्या.'